मोकळी झाली... पण खरंच?

पहिल्या बाळंतपणातले टाके विरघळतात, जखम मात्र कधीकधी विरघळत नाही. मग दुसऱ्या वेळी काय करायचं? पुन्हा नॉर्मल, की सिझर? पेणची एक आणि रोह्याची एक, दोन बहिणी आणि त्यांची दोन वेगळी उत्तरं.

दुसऱ्या वेळी ‘गुड न्यूज’ दिली की लोक फारसे प्रश्न विचारत नाहीत. कौतुकाचा कोटा पहिल्या वेळीच संपलेला असतो. एक वाक्य मात्र हमखास येतं. ऑफिसातली सीनिअर, शेजारच्या काकू, अगदी पेणच्या बाजारातली भाजीवालीसुद्धा तेच म्हणते : ‘पहिली नॉर्मल ना? मग काय टेन्शन, दुसरी तर पटकन होते!’

बहुतेकींच्या बाबतीत हे खरंही असतं. पण ‘नॉर्मल’ या शब्दाच्या पोटात काय काय मावतं, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे बाळंत झालेल्या बाईला ‘मोकळी झाली’ म्हणतात. बाळ-बाळंतीण सुखरूप, पेढे वाटले, विषय संपला. त्यानंतर ती बाई एस.टी.त बसायला घाबरते का, जोरात हसताना दचकते का, ऑफिसची मीटिंग अर्ध्यावर सोडून का पळते, हे त्या पेढ्यांच्या बॉक्सवर लिहिलेलं नसतं.

मी दचकत होते. जुलै २०२२ मध्ये माझी पहिली डिलिव्हरी झाली. कागदावर नॉर्मल, व्हॅक्युम लावून. बाळ साडेतीन किलोच्या वर, तोंड वरच्या बाजूला. टाके पडले. किती, ते कुणी सांगितलं नाही. कुठपर्यंत, तेही नाही. ज्या नर्सिंग होममध्ये हे झालं त्याचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका नर्सिंग होमचा नाहीच आहे. दीड महिन्याने चालता-बसता यायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की वात अडवता येत नाही. शी लागली की दोन मिनिटंसुद्धा थांबता येत नाही. पेण ते पनवेल या पट्ट्यात हायवेवर कुठल्या हॉटेलचं टॉयलेट स्वच्छ आहे आणि कुठलं कुलूपबंद असतं, याचा नकाशा माझ्या डोक्यात आजही तयार आहे. फ्रीलान्स पत्रकारितेत हा नकाशा कुणी शिकवत नाही. मास कॉमच्या सिलॅबसमध्ये तर नव्हताच!

चार पायऱ्या

आधी थोडं शास्त्र. घाबरू नका, सोपं आहे.

बाळ बाहेर येताना योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधली जागा प्रचंड ताणली जाते. या जागेला शब्दकोशात एखादं संस्कृत नाव असेल, बायकांच्या तोंडी मात्र नाही. आपल्या बोलण्यात ते ‘खाली’ एवढंच असतं. तर तिथे फाटण्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त कातडी. दुसरीत कातडीखालचे स्नायू. या दोन्ही अगदी कॉमन, बऱ्याही होतात. तिसऱ्या पायरीत गुदद्वाराभोवतीचा गोल स्नायू फाटतो, म्हणजे शी आणि वात रोखून धरणारा वॉचमनच जखमी होतो. त्याचेही तीन उपप्रकार आहेत : बाहेरचा स्नायू अर्ध्याहून कमी फाटला, अर्ध्याहून जास्त फाटला, किंवा आतला स्नायूही गेला. चौथ्या पायरीत फट थेट आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचते.

तिसरी आणि चौथी पायरी ओळखणं महत्त्वाचं असतं, कारण ती शिवायची पद्धत वेगळी. नीट भूल देऊन, ऑपरेशन थिएटरच्या प्रकाशात, अनुभवी हातांनी. नंतर अँटिबायोटिक, शौच मऊ ठेवणारं औषध, फिजिओथेरपी आणि सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत हे सगळं आहे, आणि आपल्याकडचे अनेक डॉक्टरही तीच वापरतात. तिथल्या आकड्यांनुसार पहिलटकरणींमध्ये शंभरात सहा जणींना ही मोठी जखम होते. पहिलं बाळंतपण, चिमटा, चार किलोच्या वरचं बाळ, बाळाचं तोंड वर असणं, कळा देण्याचा टप्पा लांबणं, ही त्याची कारणं. त्या यादीत ‘आशियाई वंश’ हेही एक आहे. वाचून मी क्षणभर थांबले होते.

चांगली बातमीही त्याच कागदात आहे. वेळेवर ओळखून नीट शिवलेल्या बायकांपैकी ६० ते ८० टक्क्यांना वर्षभराने काहीही त्रास उरत नाही.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर मात्र एवढंच होतं : ‘एफटीएनडी विथ एपिझिओटॉमी’. पूर्ण दिवसांची नॉर्मल डिलिव्हरी, कात्री मारून. पायरीचा उल्लेखच नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा पेणमधल्या माझ्या नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच : तेव्हा नेमकं काय फाटलं होतं?

इथे एक कामाची गोष्ट, प्लीज लक्षात ठेवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची असतात, आणि पेशंटने मागितली तर ७२ तासांत द्यायची असतात. माझी तीन वर्षं भरायला जेमतेम तीन महिने बाकी होते. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, कागद मिळाले. लेबर रूमच्या नोंदीत एका ओळीत होतं : स्नायू शिवला. कुठला, किती, कुणी, काही नाही. पण त्या एका ओळीवरून माझ्या डॉक्टरांना पुढची दिशा मिळाली. तुमची डिलिव्हरी झाली असेल, टाके खोल होते अशी नुसती शंका जरी असेल, तर कागद आत्ताच मागून ठेवा.

रोह्याची गोष्ट

माझं माहेर रोह्याचं. माझी मावसबहीण तिथेच राहते, नवरा धाटाव एमआयडीसीत शिफ्टवर. तिची पहिली मुलगी २०२१ मधली. तिलाही तिसऱ्या पायरीची जखम झाली होती, हे मला कळलं तेव्हा मी तिच्या ओट्यावर नाचणीची भाकरी खात होते आणि घास तसाच हातात राहिला. आम्ही दोघी एकाच वाड्यात वाढलो, एकमेकींची पहिली प्रेमपत्रं वाचलीत. हे मात्र चार वर्षं एकमेकींना सांगितलं नव्हतं!

तिच्या आणि माझ्या गोष्टीत फरक एकच, पण मोठा. तिच्या डॉक्टरबाईंनी जखम तिथल्या तिथे ओळखली होती. तशीच थिएटरमध्ये नेली, शिवली, कार्डावर पायरी स्पष्ट लिहिली आणि तिला तोंडाने सांगितलंही. वर शौच मऊ राहण्याचं औषध आणि स्नायू आवळायचे व्यायाम. मावशीने डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं केलं. बहिणीने त्यासोबत व्यायामही केले, भिंतीवर कॅलेंडरला टिक करत. वर्षभरात तिला काहीच त्रास उरला नाही.

आई शेजारीच तांदूळ निवडत होती. आमचं सगळं ऐकून घेतल्यावर ती सुपातून मान वर न काढता म्हणाली, “मग मी काय उगाच धावीर महाराजांच्या पालखीबरोबर चालत नाही?” रोह्याची पालखी म्हणजे दसऱ्यानंतरचा सगळ्यात मोठा दिवस, सगळं गाव रस्त्यावर. आई दर वर्षी दारातूनच ओवाळते. गुडघे दुखतात म्हणून, असं आम्ही समजत होतो. दादाच्या जन्मापासून, म्हणजे पस्तीस वर्षं, तिला हाच त्रास आहे. “बाईच्या जातीला एवढं तर असतंच,” हे तिचं त्यावरचं पुढचं वाक्य. मला राग आला. तिचा नाही, त्या ‘एवढं तर’चा.

डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास आठवला. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तर ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला. आणि त्याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के. त्यात बाळंतपणातल्या या जखमेचा वेगळा हिशेब नसेलही, पण गप्प बसण्याचा हिशेब आहे. गंमत बघा, अंग बाहेर येण्यावरच्या दोन गाजलेल्या शस्त्रक्रिया मुंबईतल्या दोन डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जातात : शिरोडकर आणि पुरंदरे. म्हणजे बायकांच्या या दुखण्यांवर डोकं चालवणारे लोक आपल्याकडे होते. त्यांच्यापर्यंत पोचायला आधी तोंड उघडावं लागतं, घोडं तिथेच अडतं.

घड्याळात किती वाजले?

निर्णय घ्यायचा तर आधी दोन गोष्टी बघायच्या : आज त्रास आहे का, आणि स्नायू आज कसा आहे. दुसरी गोष्ट नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी गुदद्वाराच्या आतून केलेली सोनोग्राफी आणि दाब मोजणारी मॅनोमेट्री, अशा दोन टेस्ट असतात. माझ्या डॉक्टरांनी दोन्हींसाठी मुंबईची चिठ्ठी दिली. दिवा-रोहा मेमूने दिव्यापर्यंत, तिथून लोकल. पाचवा महिना, पोटात बाळ, पर्समध्ये जास्तीचे कपडे. बहीण रोह्याहून त्याच गाडीत बसून आली होती. पेणला मी चढले तेव्हा तिने माझ्यासाठी खिडकी अडवून ठेवलेली.

टेस्ट दुखत नाही. लाज वाटते, तीही पहिली दोन मिनिटं. सोनोग्राफीत तो स्नायू अंगठीसारखा दिसतो, आणि डॉक्टर तो घड्याळासारखा वाचतात. वर बारा, खाली सहा. बहिणीची अंगठी जवळजवळ अख्खी होती. माझ्या अंगठीला अकरापासून एकपर्यंत फट होती. ब्रिटनमधल्या काही केंद्रांत फट ३० अंशांपेक्षा मोठी असेल, म्हणजे घड्याळातल्या एका तासापेक्षा जास्त, किंवा आवळल्यावर दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरनेही वाढत नसेल, तर सिझर सुचवतात. माझी फट दोन तासांची. दाब वाढला १४.

तीन वर्षं मला वाटत होतं की मी व्यायामात कमी पडतेय, किंवा हे सगळं माझ्या मनाचं आहे. स्क्रीनवर ती फट दिसली तेव्हा रडू यायला हवं होतं, पण खरं सांगू? हायसं वाटलं.

मग नॉर्मल की सिझर?

आता मुख्य प्रश्न. याला एकच उत्तर असतं, तर मी हा लेख लिहिला नसता.

त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे, मोठी जखम झालेल्या बाईची पुढची डिलिव्हरी नॉर्मल झाली तर पुन्हा तशीच जखम होण्याची शक्यता ५ ते ७ टक्के. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त जणींना ती पुन्हा होत नाही. ऐकायला छान आहे. पण दुसरा आकडाही बघायला हवा. काही अभ्यासांत दुसऱ्या नॉर्मल डिलिव्हरीनंतर १७ ते २४ टक्के जणींचा शौचावरच्या ताब्याचा त्रास वाढला. पहिल्या वेळी थोडे दिवस का होईना त्रास झालेल्यांना हा धोका जास्त. म्हणून सल्ला असा आहे : आज त्रास असेल किंवा टेस्ट बिघडलेल्या असतील, तर ठरवून सिझरचा पर्याय बाईसमोर ठेवा. त्रास नाही, टेस्ट चांगल्या, तर नॉर्मलला हरकत नाही. शेवटचा शब्द तिचा.

सिझरबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक म्हणजे ‘डॉक्टर पैशासाठी कापतात’. त्यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २१.५ टक्के डिलिव्हरी सिझरने झाल्या, महाराष्ट्रात २५.४ टक्के, आणि देशभरातल्या खासगी हॉस्पिटलांत तर ४७.४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की लोकसंख्येत हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने आई-बाळाचे मृत्यू कमी झालेले दिसत नाहीत. दुसरं टोक म्हणजे ‘नॉर्मलच बेस्ट, बाईला कळ सोसता आली पाहिजे’. आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन्ही टोकं एकाच दिवशी फॉरवर्ड होऊन येतात, कधीकधी एकाच आत्याकडून!

पण टक्केवारी लोकसंख्येची असते, फट माझी होती. सिझर या स्नायूला बाळाच्या डोक्यापासून वाचवतं, हे खरं. आधी झालेलं नुकसान भरून काढत नाही, हेही तितकंच खरं. शिवाय ते पोटाचं ऑपरेशन आहे : रक्तस्राव, इन्फेक्शन, आणि पुढच्या गरोदरपणात वार खाली किंवा जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका, जो प्रत्येक सिझरनंतर वाढतो. म्हणून तिसरं मूल हवं आहे का, हा प्रश्नही याच टेबलवर येतो. आम्हाला नको होतं. नवऱ्याने हे उत्तर माझ्या आधी दिलं, आणि मग तोच बराच वेळ शांत बसला. त्याला तोपर्यंत अंगठी, फट, घड्याळ यातलं काहीच माहीत नव्हतं. रिपोर्ट मी मोबाईलवर दाखवला, आणि तो दिवसभर गुगल करत राहिला.

बहिणीने नॉर्मल ठरवलं. तिला तिसरं हवं असेलही, आणि पोट कापायचं नाही हे तिचं पक्कं होतं. पण नुसतं ‘बघू’ म्हणून नाही. तिने अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नाव घातलं, कारण काही गडबड झाली तर सिझरसाठी ऐनवेळी दुसरीकडे पळावं लागू नये. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल काय, सिझर काय, दोन्ही फुकट. औषधं, जेवण, जाण्या-येण्याची गाडीसुद्धा. तिने आपल्या कागदावर मोठ्या अक्षरात ‘मागच्या वेळी तिसरी पायरी’ असं लिहून घेतलं. डॉक्टरांशी आधी बोलून ठरलं की कात्री उगाच मारायची नाही, लागलीच तर मधोमध नाही, ६० अंशांत तिरकी. डोकं दिसायला लागल्यावर गरम पाण्याचा कपडा धरायचा, हाताने आधार द्यायचा आणि घाई करायची नाही. गरम शेकाने मोठ्या जखमा कमी होतात याला अभ्यासांचा आधार आहे. शेक-शेगडीवाल्या आपल्या मावशीला हे ऐकून काय आनंद झाला म्हणून सांगू! लेबर रूममध्ये सोबत मावशीच होती. सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत घरची एक बाई राहू द्यावी, असं केंद्राने २०१६ मध्येच सांगितलेलं आहे. अनेकींना हे माहीत नसतं.

जून २०२५ मध्ये बहिणीला मुलगा झाला. दुसऱ्या पायरीची छोटी जखम, थोडे टाके. महिन्याभराने ती चिंचेच्या झाडाखाली दोरीवर लंगोट वाळत घालत मला व्हिडिओ कॉल करत होती, आणि मी नववा महिना घेऊन पंख्याखाली घामाने निथळत होते.

माझं सिझर ऑगस्टमध्ये झालं, ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर. तारीख ठरवताना सासूबाईंनी पंचांग काढलं. डॉक्टरांनी ओटीचं वेळापत्रक काढलं. दोन्हींत बसेल असा एक मंगळवार निघाला. गणपती २७ तारखेला होते, त्यामुळे पेणमध्ये तेव्हा रस्त्यावर माणसांपेक्षा मूर्तींचे टेम्पो जास्त. हमरापूरकडच्या एका टेम्पोमागे आमची गाडी पंधरा मिनिटं अडकली. नवऱ्याचा जीव वरखाली होत होता. मला मात्र पहिल्यांदाच डिलिव्हरीला जाताना घाई नव्हती, कळा नव्हत्या, काय होणार ते माहीत होतं. सासूबाईंना मी खरं कारण सांगितलं होतं. त्यांनी शेजारीपाजारी ‘बाळ आडवं होतं’ असं सांगितलं. ठीक आहे.

मुलगी झाली. पोटाची जखम पहिले दहा दिवस भयंकर दुखली. शिंक आली की उशी पोटाला धरायची. ‘सिझर म्हणजे सोपं’ असं जो म्हणेल त्याला ती उशी भेट द्यावी. आणि हो, माझा जुना त्रास होता तसाच आहे. वाढला नाही, एवढंच सिझरने मिळवून दिलं, आणि तेवढंच मागायला मी गेले होते. सध्या पनवेलला एका फिजिओथेरपिस्टकडे जाते. तिच्याकडे एक मशीन आहे, स्नायू आवळला की स्क्रीनवर रेष वर चढते. अजून काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, आणि फट शिवण्याचं ऑपरेशन करायचं की नाही, ते त्यावर ठरेल.

आईलाही एकदा तिथे घेऊन जायचं चाललंय. तिने आधी नाही म्हटलं, मग विचारलं की त्या मशीनला किती पैसे पडतात. परवा फोनवर म्हणाली, गुरुवार तिला चालेल, पण सकाळची गाडी नको, आणि पनवेलला स्टेशनजवळ टॉयलेट कुठे आहे ते आधी सांग.